सुकटीचा डबा

यंदाच्या वर्षावासात निगडीच्या बाजूच्या आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालले होते. वाचन संपले की अर्धा तास मुलांसाठी काहीतरी कार्यक्रम ठेवायचा, अशी पद्धत आम्ही पाडली आहे. नाही तर मुले विहारात येत नाहीत, आणि आली तरी बसत नाहीत. एका रविवारी आम्ही सुचविले, की लहानथोर सर्वांनी एकेका चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहाव्यात. आपला सर्वांत आवडता पदार्थ कोणता आणि सर्वांत नावडता कोणता? नाव घातले नाही तरी चालेल. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या चिठ्ठ्या शाळेतल्या मुलांनी लिहून द्याव्यात.

हा कार्यक्रम आम्ही केवळ करमणुकीसाठी सुचविला होता. तो आमच्याच घरात येऊन पोहोचेल, असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते. म्हणूनच ही हकीकत समाजबांधवांपुढे मांडावी असे वाटले.

पन्नास-साठ चिठ्ठ्या जमल्या. एक मुलगा उभा राहून वाचू लागला आणि विहारात हशा पिकू लागला. मुलांचे आवडते पदार्थ म्हणजे पावभाजी, मॅगी, मंचुरियन आणि चिकन बिर्याणी. नावडत्यात कारले पहिले, त्याच्या पाठोपाठ शेपू, दोडका आणि दुधी भोपळा. एकाने पिंपरी कॅम्पातली दालपकवान लिहिली होती. फाळणीनंतर सिंधी बांधव इथे आले, त्यांची न्याहारी आज आमच्या पोरांच्या जिभेवर आहे. मुलांबरोबर आलेल्या शेजारच्या बिहारी पोराने लिट्टी लिहिली होती. कारखान्यांतल्या तरुणांच्या नावडत्या पदार्थांत कँटीनच्या वांग्याच्या भाजीला सर्वांत जास्त मते पडली आणि तिन्ही शिफ्टची मंडळी एकमताने हसली. एका गृहस्थांनी 'नावडते : घरची भेंडी' असे लिहिले होते. नाव घातले नव्हते, पण पत्नीने अक्षर ओळखले. पुढचे त्यांचे त्यांना माहीत.

मग वडीलधाऱ्या बायांच्या चिठ्ठ्या आल्या आणि हसणे थोडे कमी झाले. आवडत्यात कुणी हुलग्याचे माडगे सांगितले होते, कुणी अंबाडीची भाजी, कुणी वजडी, कुणी बाजरीची भाकरी नि ठेचा. नावडत्याच्या जागी मात्र बहुतेकींनी 'काही नाही' असेच लिहायला सांगितले होते. दोघीतिघींनी एकच शब्द सांगितला होता, 'मिलो'.

"मिलो म्हणजे काय?" मुलांनी विचारले. चॉकलेटचे काहीतरी असावे, असा त्यांचा समज झाला.

तेव्हा त्या बायांनीच सांगितले. १९७२ चा दुष्काळ. पाऊस नाही, पेरलेले उगवले नाही, विहिरी आटल्या. सरकारने रस्त्याची, तलावाची, खडी फोडायची कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळे, तीच मिलो. तिची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडकायची. कामावर सुकडी वाटत. पदरात सुकडी घेऊन ती पोरांना भरवलेल्या कितीतरी आया आज पिंपरी-चिंचवडमध्ये आजी झाल्या आहेत. कारण त्या दुष्काळातूनच आपली कितीतरी घरे इकडे आली. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली होती. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डी भागांत कारखान्यांची रांग लागली. गावात पोट भरेना म्हणून माणसे या भोंग्यांच्या दिशेने आली. आमचे आईवडीलही त्यांतलेच. आता ज्याला धाराशिव जिल्हा म्हणतात, तिथून ते १९७४ साली एक पत्र्याची पेटी नि एक पोते घेऊन आले.

आमची आई विहारात पुढच्या रांगेत बसली होती. ती आता सत्तरीची आहे. तिची चिठ्ठी आमच्या मुलीने, म्हणजे तिच्या नातीने लिहिली होती. मुलीचे अक्षर आम्ही लांबूनही ओळखतो. वाचणाऱ्या मुलाने वाचले, "आवडते : सुकट. नावडते..." आणि तो थांबला. "नावडत्याची जागा कोरी आहे," तो म्हणाला आणि पुढची चिठ्ठी उघडली.

कुणाचे लक्षही गेले नाही. आमच्या छातीत मात्र काहीतरी रुतले. कारण आमच्या घरात गेली वीस-पंचवीस वर्षे सुकट शिजलेली नाही. आणि ती का शिजलेली नाही, हे त्या विहारात फक्त दोन माणसांना ठाऊक होते. एक आई आणि दुसरे आम्ही.

बंधुभगिनींनो, आता जे सांगतो ते सांगताना आजही मान खाली जाते.

१९९९ साली आम्ही बी.कॉम. झालो. घराण्यातले पहिले पदवीधर. वडिलांनी पेढे वाटले. पुढच्या वर्षी एका कारखान्याच्या कचेरीत तात्पुरत्या कारकुनाची नोकरी लागली. वडील आयुष्यभर यंत्रावर उभे राहिले, मुलगा खुर्चीवर बसणार, याचे आईला केवढे कौतुक! पहिल्याच आठवड्यात तिने तिच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा डबा भरून दिला. बाजरीच्या दोन भाकरी, कांदा घालून तव्यावर परतलेली सुकटीची चटणी आणि वर एक हिरवी मिरची. गावी आठवडी बाजारातून वडील मूठभर सुकट आणत, त्या दिवशी घरात सण असे, असे ती सांगायची. तोच सण तिने डब्यात घालून दिला होता.

दुपारी आम्ही डबा उघडला. टेबलावर सहा-सात जण होते. एकाने खिडकी उघडली. दुसऱ्याने रुमाल नाकाला लावला. तिसरा म्हणाला, "काय मेलंय का इथं?" सगळे हसले. आम्हीही हसलो! त्या हसण्याची आम्हांस सर्वांत जास्त लाज वाटते. डबा झाकला आणि भूक नाही असे सांगितले. दुसऱ्या दिवशी गोडीगोडीत सुचविण्यात आले, की हे टेबल शाकाहारी मंडळींचे आहे, तुम्ही पलीकडे बसत जा. पलीकडे म्हणजे झेरॉक्स यंत्राजवळ. आमचे आडनाव तिथे सर्वांना माहीत होते. सुकटीच्या वासाचे निमित्त झाले, एवढेच.

ज्यांनी हे केले त्यांच्याविषयी आज आम्हांला फार काही म्हणायचे नाही. आम्ही काय केले, ते सांगायचे आहे. त्या सायंकाळी भरलेला डबा आम्ही रस्त्याच्या कडेला कुत्र्यापुढे रिकामा केला. घरी आलो आणि आईला म्हणालो, "आई, मला सुकट आवडत नाही. पुन्हा डब्यात देऊ नकोस. घरात पण करू नकोस, कपड्यांना वास लागतो."

आईने एकच विचारले, "आवडत न्हाई? ल्हान हुतास तवा तर ताट चाटायचास."

आम्ही म्हणालो, "तेव्हा कळत नव्हतं."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी आली. सुकटीचा डबा फडताळावरून गेला. आम्ही खोटे बोललो होतो. सुकट आम्हांला तेव्हाही आवडत होती, आजही आवडते. पण आवडत नाही असे म्हणणे सोपे होते, लाज वाटते असे म्हणणे अवघड होते.

त्या रविवारी विहारातून घरी परतल्यावर आम्ही आईजवळ बसलो. विचारले, "आई, तुला सुकट आवडते, तर इतकी वर्षे केली का नाहीस?"

ती म्हणाली, "तुला आवडत न्हवती नव्हं? येकटीपुरती कशाला करायची?"

"आणि नावडतं काहीच लिहिलं नाहीस. बाकीच्यांनी मिलो लिहिला."

तेव्हा आई म्हणाली ते आम्ही जसेच्या तसे देतो. "मिलोला नावडता कसा म्हनू, बाळा? त्याच्यावर तर जगलो. आमाला कुनी इचारलं हुतं का, काय आवडतं नि काय न्हाई? जे आलं ते पोटात घातलं."

तिच्या या उत्तराने आम्हांला रात्रभर झोप आली नाही. आम्ही कार्यकर्ते म्हणून भाषणे करतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो, जात पडताळणीसाठी लोकांबरोबर खेटे घालतो, चौदा एप्रिलची वर्गणी गोळा करतो. आणि ज्या बाईने आम्हांला शिकविले, तिला काय आवडते हे आम्हांला चिठ्ठी वाचल्यावर कळले.

वाचकहो, एखादा पदार्थ 'नको' म्हणणे ही वरवर क्षुल्लक गोष्ट आहे. परंतु आपल्या समाजाच्या बाबतीत ती क्षुल्लक नाही. ज्याच्या ताटात काय पडायचे हे दुसरा ठरवितो, त्याला नावड नसते. आपल्या पूर्वजांना ती नव्हती. गावचे मेलेले जनावर ओढायचे आणि त्याचे मांस खायचे, चान्या करून वाळवून ठेवायच्या, संध्याकाळी दारोदार जाऊन शिळी भाकरी मागून आणायची, हेच त्यांच्या वाट्याला लिहिलेले होते. भुकेपुढे आवड काय नि नावड काय!

आपल्या समाजाला 'नको' म्हणायला शिकविले ते बाबासाहेबांनी. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपण सर्वांना आठवते. परंतु त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा, असेही कळकळीने सांगितले होते. एकाच परिषदेत एक गोष्ट हक्काने घ्यायला सांगितली, ती म्हणजे पाणी. आणि एक गोष्ट स्वाभिमानाने टाकायला सांगितली, ती म्हणजे लाचारीचे अन्न. दोन्ही मिळूनच महाड पुरे होते.

आमच्या आजीची गोष्ट आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्याची बातमी गावात पोहोचली आणि आमच्या वाड्यानेही पुढे दीक्षा घेतली. त्या दिवसापासून आजोबांनी गावातली भाकरी आणणे बंद केले. घरात पीठ नव्हते. शेजारच्या गल्लीतून एकीने हाक मारली, "भाकरी घेऊन जा गं." आजीने दारातूनच सांगितले, "आता न्हाई येणार." त्या रात्री पोरे पाण्यात मीठ-तिखट कालवून प्यायली. आजी म्हणायची, पोटात आग होती पण मान ताठ होती. आमच्या घराण्याची ती पहिली नावड. ती फार महाग पडली होती, म्हणून ती मोलाची.

आता आमच्या त्या नावडीकडे पाहा. आजीने 'नको' म्हटले ते स्वतःच्या मानासाठी. नातवाने 'नको' म्हटले ते दुसऱ्याच्या नाकासाठी. आजीने लाचारीचे अन्न टाकले. नातवाने कष्टाच्या पैशाने आणलेले, आईच्या हाताने केलेले, स्वच्छ अन्न कुत्र्यापुढे टाकले. शब्द एकच, 'नको'. पण एकाने माणूस उभा राहतो आणि दुसऱ्याने वाकतो. हा फरक पदवी मिळवूनही आम्हांस कळला नव्हता आणि अक्षरओळख नसलेल्या आजीला कळला होता.

अन्नाचा डबा आणि जात यांची गाठ जुनी आहे. बाबासाहेबांनी आपल्या बालपणीची १९०१ सालची हकीकत लिहून ठेवली आहे. वडिलांना भेटण्यासाठी भावंडे मसूर स्टेशनावर उतरून बैलगाडीने निघाली. बरोबर खायला भरपूर होते. परंतु वाटेत अस्पृश्य म्हणून कुणी पाणी दिले नाही आणि अन्न जवळ असून ती मुले उपाशी झोपली. आज स्टेशनावर पाणी मिळते. पण आमचा डबा भरलेला असून आम्हीही उपाशीच राहिलो होतो, हे विसरता येत नाही.

कुणी म्हणेल, ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आता काळ बदलला. बदलला खरा, पण किती? आमचा पुतण्या चाकणला कंत्राटी कामगार आहे. एके काळी चाकण म्हटले की कांद्या-बटाट्याचा बाजार आठवे. आज तिथे मोटारींच्या कारखान्यांनी माळ भरून गेले आहेत आणि मराठवाडा, विदर्भापासून बिहार, ओडिशापर्यंतची पोरे एका खोलीत चार-चार राहतात. पुतण्या खोली पाहायला गेला. घरमालकाने जात विचारली नाही. आजकाल तसे कुणी विचारत नाही. त्यांनी विचारले, "खाणं काय तुमचं?" पुतण्याने क्षणभर थांबून सांगितले, "शाकाहारी." खोली मिळाली. आता तो खोलीवर अंडेही उकडत नाही. रविवारी आमच्याकडे येतो आणि दारातूनच म्हणतो, "काकू, आज काहीतरी झणझणीत करा." तो नीट जेवतो तो आठवड्यातून एकदाच. बाकी सहा दिवस मेसचे पाणीदार वरण. त्याला आम्ही बोल लावू शकत नाही. त्याला डोक्यावर छप्पर पाहिजे होते. पण खाणे विचारणे हे कित्येकदा जात विचारण्याचे सभ्य रूप असते, एवढे आपल्या मुलांना कळलेले असावे. म्हणजे निदान ती स्वतःच्या आईच्या हाताला नावे ठेवणार नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही भंतेजींना विचारले, की बौद्धाने काय खावे, काय खाऊ नये? काही बांधव म्हणतात, बौद्ध झालो म्हणजे मांसाहार वर्ज्य. भंतेजींनी शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. पहिली देवदत्ताची. भिक्खूंना मासे व मांस कायमचे वर्ज्य करावे, अशी मागणी देवदत्ताने तथागतांकडे केली होती. तथागतांनी तशी सक्ती करण्यास नकार दिला. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर भिक्खूने ते मांस घेऊ नये, एवढाच नियम ठेवला. ज्याला शाकाहार करावासा वाटतो त्याने आनंदाने करावा. करुणेपोटी केलेला शाकाहार श्रेष्ठच आहे. परंतु ताट पाहून माणसाला उच्च-नीच ठरविणे हा धम्म नव्हे.

दुसरी गोष्ट चुंदाची. चुंद हा पावा नगरीतला धातुकाम करणारा कारागीर. आमच्या भाषेत सांगायचे तर वर्कशॉपवाला. तथागतांनी शेवटचे भोजन घेतले ते याच्या घरी. त्यातला 'सूकरमद्दव' हा पदार्थ म्हणजे नेमके काय, डुकराचे मांस की एखादे कंद वा अळंबी, यावर विद्वानांचा आजही वाद आहे. भोजनानंतर तथागतांना तीव्र आजार झाला. त्या वेदनेतही त्यांना काळजी कसली, तर चुंदाला कुणी दोष देऊ नये याची. आपल्याला मिळालेल्या सर्व भोजनांत दोन भोजने सर्वांत पुण्यप्रद, असे चुंदाला सांगण्यास त्यांनी आनंदाला बजावले. एक संबोधीपूर्वीचे आणि दुसरे महापरिनिर्वाणापूर्वीचे, म्हणजे चुंदाचे. सुजाताची खीर आपण वैशाख पौर्णिमेला घरोघर करतो. चुंदाचे ताट मात्र आपण विसरतो.

भंतेजी पुढे काही बोलले नाहीत. परंतु आम्हांला जे कळायचे ते कळले. ज्या अन्नाने प्राणांतिक वेदना झाल्या, त्या अन्नाबद्दलही तथागतांनी वाढणाऱ्याचे मन जपले. आणि ज्या अन्नाने आमचा फक्त वास आला, त्याबद्दल आम्ही वाढणारीचे मन मोडले.

आता थोडे अन्नाच्या गुणाविषयी. कारण आपल्या मुलांना असे वाटते, की आपले जुने खाणे म्हणजे गरिबीचे खाणे, आणि पाकिटातले ते चांगले. वस्तुस्थिती उलटी आहे. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, जवळा. वाळल्यामुळे पाणी उडून जाते आणि मूठभर सुकटीत भरपूर प्रथिने व कॅल्शियम राहते. काळजी, वजडी यांत लोह आणि जीवनसत्त्वे असतात. बाजरी, हुलगे, अंबाडी, तांदुळजा ही सगळी ताकदीची अन्ने. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे, म्हणजे पंडुरोग असल्याचे आढळले. ज्या घरात हे खाणे होते, त्या घरातल्या मुली आज शेवया-नूडल्स खाऊन चक्कर येऊन पडतात, हे आम्ही आरोग्य शिबिरांत पाहिले आहे. मात्र एक सांगितले पाहिजे. सुकटीत मीठ जास्त असते. रक्तदाब असणाऱ्यांनी ती दोन-तीन पाण्यांनी धुऊन, वरून मीठ न घालता, बेतानेच खावी.

आपल्या या खाण्याची कुणी दखल घेत नव्हते. पाककृतींच्या पुस्तकांत पुरणपोळी असे, मोदक असे, आपली चूल नसे. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील महार व मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीवर 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक लिहिले. ते २०१५ साली प्रसिद्ध झाले आणि २०२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. ज्या खाण्याची आम्ही लाज धरली, ते आता जग वाचत आहे. ग्रंथालयात मिळाल्यास ते घरात मोठ्याने वाचावे. आजीला ऐकवावे. तिच्याकडे आणखी चार गोष्टी निघतील.

त्या आठवड्यात आम्ही पिंपरीच्या बाजारातून सुकट आणली. सहचारिणीने ती निवडली, भाजली, तीन पाण्यांनी धुतली, कारण आईला रक्तदाब आहे. कांदा, लसूण आणि घरचे काळे तिखट घालून परतली. वास साऱ्या चाळीभर गेला. आम्ही खिडकी लावली नाही. आईला ताट वाढले. पहिला घास घेऊन ती बराच वेळ चावत राहिली. दात राहिले नाहीत. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. वाटले, आता डोळे पाणावतील, काहीतरी बोलेल.

ती म्हणाली, "मीठ कमी हाय."

सगळे हसलो. मग आम्ही तिला त्या डब्याची खरी गोष्ट सांगितली. कचेरीतले टेबल, रुमाल, कुत्रे, सगळे. खोटे बोललो होतो हेही सांगितले. ती ऐकत राहिली. म्हणाली, "मला ठावं हुतं. त्या दिशी डबा घासायला घेतला, तर भाकरीचा कनबी न्हवता आन् चटनीचं बोट बी लागलेलं न्हवतं. खाल्लेला डबा असा नसतो." पंचवीस वर्षे तिला ठाऊक होते आणि तिने एकदाही विचारले नव्हते. आम्हांला लाज वाटू नये म्हणून तिने आपली आवड मुकाट्याने बाजूला ठेवली होती.

आमची मुलगी नववीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून म्हणाली, "पप्पा, उरलेली सुकट मी डब्यात नेऊ?" आम्ही क्षणभर थबकलो. खरे सांगतो, मनात भीती आली. शाळेत कुणी नाक दाबले तर? पोरीचे मन मोडले तर? पण आम्ही नाही म्हणालो असतो, तर तो दुसरा डबा आम्हीच रस्त्यावर ओतला असता. म्हणालो, "ने. कुणी काही म्हणालं तर घरी येऊन सांग. लपवू नकोस."

सायंकाळी ती आली. विचारले, "काय झालं?" ती म्हणाली, "एकीने नाक दाबलं. दोघींनी चाखून पाहिली. एक म्हणाली, उद्या पण आण." डबा रिकामा होता. आजीने तो हातात घेऊन आत नीट पाहिले आणि मगच घासायला टाकला.

देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. बरोबर २७ वर्षांपूर्वी, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडला मनुस्मृती जाळली होती. ती पवित्र भूमी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. दर वर्षी त्या दिवशी हजारो कुटुंबे तिथे येतात आणि मोकळ्या जागेत सतरंजी टाकून घरचे डबे सोडतात. यंदा आम्हीही डबा नेणार आहोत. भाकरी, ठेचा आणि सुकटीची चटणी. मीठ बेताचेच.

समाजबांधवांना, विशेषतः पुरुषांना, एकच विनंती आहे. आज रात्री जेवताना घरातल्या आईला, बहिणीला, पत्नीला विचारा, "तुला काय आवडतं?" ती "काही पण चालतं" म्हणाली तर तेवढ्यावर थांबू नका, पुन्हा विचारा. "नावडतं काय?" हेही विचारा. आमच्या आईची ती कोरी जागा अजून कोरीच आहे. तिच्याजवळ वही ठेवली आहे. सुचेल तेव्हा नातीकडून लिहून घे, असे सांगितले आहे. परवा तिने मुलीला हाक मारून वही मागितली होती. मग जरा विचार करून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. अजून ठरत न्हाई."

ठरेल. घाई नाही.

सर्वांना सप्रेम जयभीम.